मदत हवी आहे: लागर पिणाऱ्या शाकाहारी बाबांना रिअल एल कशी चाखवावी?

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी,

मी लीड्सजवळ राहते. जूनमध्ये आई-बाबा आमच्याकडे येताहेत. बाबांना बिअर आवडते. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर फ्रीजमधून नुकती काढलेली किंगफिशरची मोठी बाटली आणि कांदा, कोथिंबीर, लिंबू घातलेले शेंगदाणे हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. मी सांगलीला गेले की मीही सोबत बसते, आमच्या घरात त्यात लपवाछपवी नाही.

मला मात्र इथे आल्यावर रिअल एलची, म्हणजे इथल्या पबमध्ये पिंपातून हातपंपाने काढून देतात त्या बिअरची, गोडी लागली. टिमथी टेलरची लँडलॉर्ड माझी सगळ्यात आवडती, ती जवळच कीथलीला बनते. आधी संत्र्याच्या सालीचा वास येतो, मग माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोडवा, आणि घोट गिळल्यावर बराच वेळ रेंगाळणारा कडवटपणा. आता मी लागर, म्हणजे किंगफिशरसारखी गार, फसफसणारी बिअर, क्वचितच मागवते.

व्हिडिओ कॉलवर बाबांनी माझा ग्लास पाहिला आणि विचारलं, "फेस कुठाय? बर्फासारखी गार नाही म्हणतेस, मग त्यात पिण्यासारखं काय?" मला नीट उत्तर देता आलं नाही. त्यांची आवड बदलायची माझी इच्छा नाही. पण मला जे इतकं आवडतं ते त्यांनी एकदा तरी चांगल्या पबमध्ये, चांगल्या स्थितीत चाखावं असं मनापासून वाटतं. लागरची सवय असलेल्या माणसाला कुठल्या एलपासून सुरुवात करून द्यावी? थंड आणि फसफसणारी बिअर आवडणं ही निव्वळ सवय असते, की जिभेवर खरंच काही वेगळं घडतं?

दुसरा प्रश्न माझ्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. आई-बाबा शुद्ध शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली की रिअल एलमध्ये माशाचं काहीतरी घालतात. हे खरं आहे का? असेल तर ते न सांगता बाबांपुढे ग्लास ठेवणं मला जमणार नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

तळघरातला

विद्यार्थी असताना मी शेफील्डच्या एका पबमध्ये काम करायचो. तळघरातली पिंपं सांभाळणं माझ्याकडे होतं, म्हणून पहिल्या प्रश्नावर लिहितो.

बाबांना सांगा की एल गरम नसते. चांगल्या पबच्या तळघरात ती 11 ते 13 अंशांवर असते. सांगलीच्या मे महिन्यात फ्रीजबाहेर राहिलेल्या बाटलीशी तिचा काही संबंध नाही. लागर साधारण 3 ते 7 अंशांवर देतात. इतक्या गार पेयात जिभेला गोड-कडू कमी कळतं आणि वासही कमी सुटतो. शिवाय लागरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड एलच्या जवळजवळ दुप्पट असतो, घशाला जी चुरचुर जाणवते ती त्याचीच. उकाड्यात हवी असते ती नेमकी तीच चुरचुर. म्हणजे बाबांची आवड नुसती सवय नाही, त्यांच्या हवेला ती बरोबर आहे. एलमध्ये ती चुरचुर मुद्दाम कमी ठेवतात, कारण तिथे माल्ट आणि हॉप्सची (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची) चव पुढे यायची असते.

रिअल एल कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं. ती पिंपात पुन्हा थोडी आंबते आणि त्याच पिंपातून, बाहेरचा गॅस न लावता, हातपंपाने ओढून ग्लासात येते. आडव्या ठेवलेल्या पिंपाला वरून लाकडी खुंटी मारायची, जास्तीचा गॅस जाऊ द्यायचा, गाळ तळाला बसू द्यायचा, मगच नळ उघडायचा. एकदा नळ उघडला की आत हवा शिरते आणि साधारण तीन दिवसांत माल संपवावा लागतो. नेहमीचं पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे 72 पाइंट (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास). जिथे तीन दिवसांत 72 पाइंट खपत नाहीत तिथली एल आंबट आणि निर्जीव लागते, आणि पहिल्यांदाच पिणारा माणूस समजतो की एल अशीच असते. त्यामुळे नावापेक्षा पब नीट निवडा. गर्दीचा, दोन-तीनच हातपंप असलेला पब दहा हातपंपांच्या रिकाम्या पबपेक्षा कितीतरी बरा.

सुरुवात लँडलॉर्डने करू नका, ती त्यांना जड वाटेल. 'गोल्डन एल' म्हणून जो प्रकार आहे तो 1980च्या दशकात बऱ्याच अंशी लागर पिणाऱ्यांसाठीच पुढे आला. सॉमरसेटची एक्समूर गोल्ड आणि सॉल्झबरीची समर लायटनिंग ही त्यातली सुरुवातीची नावं. तुमच्या भागात सॉल्टेअर ब्लाँड सहज मिळेल. फिकट सोनेरी, हलकी, कडवटपणा बेताचा. फेसाचीही काळजी नको. यॉर्कशरमध्ये हातपंपाच्या तोंडाला बारीक भोकांची चकती लावतात, तिच्यामुळे ग्लासावर सायीसारखा दाट फेस येतो. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी ती लावत नाहीत, आणि 'एलला फेस नसतो' ही तक्रार बरीचशी तिकडून येते.

आणि काउंटरवर आधी घोटभर चव मागा. एलच्या बाबतीत हे अगदी रीतसर आहे, कुणी पैसे घेत नाही.

---

इसारकाठी

म्युनिकहून लिहितोय. वरचं सगळं पटलं, पण अशा चर्चांमध्ये लागर हळूच खालच्या पायरीवर जाते आणि त्याचं मला वाईट वाटतं, म्हणून लागरच्या बाजूने चार ओळी.

लागरचं यीस्ट वेगळं असतं. ते 8 ते 13 अंशांच्या गारव्यात सावकाश काम करतं, आणि नंतर बिअर कित्येक आठवडे शून्याच्या आसपास नुसती मुरत ठेवावी लागते. एलचं यीस्ट 20 अंशांच्या आसपास काही दिवसांत आंबवून मोकळं होतं आणि जाता जाता फळांसारखे वास सोडतं. त्या वासांखाली बारीकसा दोष झाकला जातो. लागरमध्ये झाकायला काहीच नसतं, बनवणाऱ्याचा हात कुठे चुकला ते लगेच कळतं. बव्हेरियात 1553च्या फर्मानाने उन्हाळ्यात बिअर बनवायलाच बंदी होती, कारण उकाड्यात ती बिघडायची. थंडीत बनवायची आणि गार तळघरांत साठवायची, ही पद्धत त्यामुळे आणखी रुजली. कार्ल लिंडेचं शीतयंत्र म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत आलं ते 1870च्या दशकात. बाबांच्या फ्रीजमधल्या बाटलीमागे हा एवढा इतिहास आहे.

पिल्झनची गोष्ट त्यांना जरूर सांगा. 1838 मध्ये तिथल्या लोकांनी बिघडलेल्या बिअरची पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली. मग गावाने नवी ब्रुअरी बांधली, बव्हेरियातून योसेफ ग्रोलला आणलं, आणि 1842 मध्ये तिथलं मऊ पाणी, फिकट माल्ट आणि झात्स हॉप्स यांतून पहिली सोनेरी पिल्सनर तयार झाली. आज जगभर जी पिवळी लागर विकली जाते ती बहुतेक हिचीच वंशज. भारतात बऱ्याच ठिकाणी बार्लीसोबत तांदूळही वापरतात, त्यामुळे आपली लागर आणखी हलकी होते आणि माल्ट मागे पडतो.

माझं म्हणणं असं, की किंगफिशरवरून थेट एलवर उडी मारायला लावू नका. मध्ये एक चांगली चेक पिल्सनर येऊ द्या. ती गार असते, फेसाळ असते, पण भरपूर कडवट आणि माल्टने भरलेली असते. कडवटपणाशी ओळख तिथेच होईल, आणि आपल्याला आवडतं ते कमी प्रतीचं आहे असं त्यांना एक क्षणही वाटणार नाही.

---

शाकाहारी_लंडनकर

माशाबद्दल. तुमची मैत्रीण बरोबर सांगतेय.

त्या पदार्थाला आयसिंग्लास म्हणतात. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती वाळवून त्यातला कोलॅजन काढतात. तो पिंपात घातला की यीस्टचे कण त्याला चिकटतात आणि गाळ लवकर तळाला बसतो, वरची एल नितळ होते. तो बहुतांश गाळातच राहतो, ग्लासात आला तर अगदी लेशमात्र. पण शाकाहार पाळणाऱ्याला प्रमाणाने फरक पडत नाही, निदान आमच्या घरी तरी पडत नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: इथल्या नियमांत मासा ही ॲलर्जीची बाब म्हणून लेबलवर लिहावी लागते, पण बिअर आणि वाईन नितळ करायला वापरलेल्या आयसिंग्लासला त्यातून सूट आहे. त्यामुळे लेबलवर उल्लेख नाही म्हणजे तो वापरलेला नाही असं समजू नका.

मग मार्ग काय? काही ब्रुअरी ते न घालताच पिंपं पाठवतात. ब्रिस्टलची मूर ब्रुअरी त्यासाठी प्रसिद्ध आहे. अशी एल थोडी गढूळ दिसते, बिघडलेली नसते. पबमध्ये 'अनफाइन्ड' किंवा 'व्हीगन' असं हातपंपावर किंवा फळ्यावर लिहिलेलं असतं. नसेल तर सरळ विचारा. मी नेहमी विचारते, आणि बारमागच्या माणसाला माहीत नसेल तर तो आत जाऊन पाहून येतो. प्रत्येक एलचं उत्तर वेगळं येतं, म्हणून वर सुचवलेल्या नावांबद्दलही पबमध्ये किंवा ब्रुअरीकडे आधी खात्री करून घ्या. एकाच नावाच्या बिअरची बाटली व्हीगन आणि पिंप मात्र तसं नाही, असंही होतं. टॅडकास्टरच्या सॅम्युएल स्मिथच्या बहुतेक बाटल्या व्हीगन असतात, पण त्यांची पिंपातली ओल्ड ब्रुअरी बिटर त्यात मोडत नाही.

बाबांना मात्र हे सगळं आधीच सांगा. माझ्या सासऱ्यांना सांगितल्यावर त्यांनी स्वतःच पबमध्ये चौकशी सुरू केली, आणि त्यांना त्यात रस वाटायला लागला.

---

मुठाकाठचा

थोडं वेगळं सुचवतो. बाबा निघण्याआधी पुण्याला येणार असतील तर इथल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत त्यांना आधी एल चाखू द्या. 2009 मध्ये डुलाली सुरू झाल्यापासून पुण्यात हे सोपं झालंय. पिंपातली रिअल एल नाही मिळणार, इथे एल गार आणि गॅससकट येते. पण बाबांच्या दृष्टीने तेच सोयीचं: गारवा ओळखीचा, चव नवी. इंग्लंडमध्ये मग फक्त गारवा कमी होईल, एका वेळी एकच बदल. टाकीतली बिअर कशाने नितळ करतात ते इथेही विचारून घ्या.

आणि ते एरवी साधी किंगफिशर घेतात की स्ट्राँग? स्ट्राँगची सवय असेल तर 4 टक्क्यांची एल त्यांना पाणचट वाटू शकते.

---

सांगलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

मुठाकाठचा, बाबा साधीच घेतात, स्ट्राँग त्यांना आवडत नाही. पुण्याला आत्याकडे दोन दिवस थांबणार आहेत, तेव्हा आतेभावाला सांगते.

इसारकाठी, तुमचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. पिल्झनची गोष्ट त्यांना फार आवडली, आणि आधी तीच बिअर हवी असं त्यांनी सांगून टाकलं. माशाचंही सांगितलं. ते म्हणाले, "विचारून घे, नसेल तर पिऊ." एवढंच.

लंडनकरताई, लीड्समधल्या एका पबला फोन केला. त्यांच्याकडे दर आठवड्याला एक तरी अनफाइन्ड पिंप असतं, आणि त्या आठवड्याला गोल्डन एल आहे का ते आदल्या दिवशी कळवतील. एक शंका उरलीय: पिल्सनर आणि एल एकाच संध्याकाळी द्याव्यात का? दिल्या तर आधी कुठली?

---

तळघरातला

एकाच संध्याकाळी द्या, पण आधी एल. पिल्सनर जास्त गार आणि जास्त कडवट, तिच्या मागून आलेली हलकी गोल्डन एल फिकी लागेल. दोन्ही हाफच मागवा, म्हणजे 284 मिली. पूर्ण पाइंट 568 मिलीचा असतो आणि न आवडलेला पाइंट संपवणं पाहुण्याला अवघड जातं. एल आली की दोन-तीन मिनिटं टेबलावर राहू द्या, मग वास घेऊन छोटा घोट. शेंगदाणे पबमध्ये खारवलेले मिळतात. कांदा-लिंबू घातलेले त्या दिवशी नकोत, लिंबाच्या आंबटपणापुढे माल्ट कळत नाही. आणि शनिवारी संध्याकाळी सातनंतर जाऊ नका, गर्दीत बारमागच्या माणसाला चार प्रश्न विचारायला सवड मिळत नाही. रविवारी दुपारी जा. शुक्रवार-शनिवारी उघडलेलं पिंप असेल तर उत्तम, कधी उघडलं तेही विचारा.