लॉज क्वारंटाइनसाठी दिलं तर साथ बाहेर पडू नये म्हणून नेमकं काय बघायचं?

द्वारका_लॉजवाला
नमस्कार मंडळी. द्वारकेजवळ आमचं वडिलांच्या काळापासूनचं लॉज आहे, तीन मजले, मधून कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना खोल्या, नाशकात असतात तसंच. 2027 ला सिंहस्थ आहे, देशभरातून आणि बाहेरूनही माणसं येणार, त्यावरून घरात विषय निघाला की कोविडसारखी साथ परत आली आणि प्रशासनाने बाहेरून आलेल्यांना ठेवायला खोल्या मागितल्या तर द्यायच्या का. काका म्हणतात विमानं वेळेवर बंद केली की खोल्यांची गरजच पडत नाही. माझी आत्तेबहीण मेलबर्नला नर्स आहे, ती म्हणते सीमा बंद करूनही तिकडे साथ हॉटेलातूनच शहरात शिरली. मला राजकारण नकोय, हे खरंच कसं झालं ते सांगा आणि आमच्यासारख्या बिल्डिंगमध्ये काय बघायचं तेही सांगा. द्यायला ना नाही, पण आमच्याकडे काम करणारी पोरं आणि त्यांच्या घरचे आजारी पडले तर ते मला सहन होणार नाही.

यारा_ते_गोदा
तुमची बहीण बरोबर बोलतेय. मी तेव्हा तिकडेच होतो, आता कॉलेज रोडला असतो. ऑस्ट्रेलियाने 20 मार्च 2020 ला परदेशी लोकांसाठी सीमा बंद केली. पण स्वतःचे नागरिक तर परत येणारच ना, त्यांना कोण अडवणार, म्हणून मार्चच्या शेवटी त्यांना 14 दिवस हॉटेलात ठेवणं सक्तीचं केलं. म्हणजे काकांना सांगा, सीमा बंद करणं आणि खोल्या लागणं ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, पूर्ण बंद करणं बहुतेक देशांना जमत नाही.

मेलबर्नला मे 2020 मध्ये परदेशातून आलेलं चार जणांचं एक कुटुंब रिजेस नावाच्या हॉटेलात ठेवलं होतं, तिथून ड्युटीवरच्या लोकांना लागण झाली आणि त्यांच्या घरांतून सगळ्या उपनगरांत. नंतर निवृत्त न्यायाधीश जेनिफर कोट यांच्या चौकशीत पुढे आलं की दुसऱ्या लाटेतल्या सुमारे 90 टक्के केसेसचं मूळ त्या एका हॉटेलात होतं. त्या लाटेत 768 माणसं गेली आणि शहर 112 दिवस लॉकडाउनमध्ये राहिलं. पहारा होता खासगी सिक्युरिटीचा, ठेका, ठेक्यातून पोटठेका, रोजंदारीवरची पोरं, आज इथे उद्या दुसरीकडे ड्युटी, ट्रेनिंग तुटपुंजं. त्या पोरांना नंतर पेपरांतून खूप शिव्या बसल्या, मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. आजारी असल्याचं सांगितलं की रोज बुडतो अशी व्यवस्था तुम्ही उभी केलीत तर माणूस सांगणार कसा?

सातपूर_एचव्हीएसी
मी एसी आणि व्हेंटिलेशनची कामं करतो, म्हणून हवेबद्दलच लिहितो, कारण लोकांचं सगळं लक्ष सॅनिटायझर आणि फवारणीकडे असतं आणि खरा घोळ कॉरिडॉरमध्ये होतो.

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या हॉटेलातली केस बघा, 2020 ची. समोरासमोरच्या नाही, शेजारशेजारच्या खोल्या. दोन्हीकडचे लोक एकमेकांना भेटलेच नाहीत. पण टेस्टसाठी स्वॅब घेताना आधी एक दार उघडलं, मग दुसरं, मधे जेमतेम 50 सेकंदांचं अंतर, आणि दोन्हीकडच्या विषाणूचा जीनोम, म्हणजे जनुकीय रचना, जुळला. कॅमेऱ्याचं फुटेज बघून हे शोधलं त्यांनी. खोलीतली कोंडलेली हवा दार उघडल्यावर बाहेर आली, कॉरिडॉरला खिडकी नाही, हवा तिथेच थांबली आणि शेजारच्याने दार उघडल्यावर आत गेली, इतकं साधं आहे. पर्थला एप्रिल 2021 मध्ये एका हॉटेलात असंच खोल्याखोल्यांमध्ये पसरलं आणि शहराला तीन दिवस लॉकडाउन लागला.

आता तुमचं लॉज. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच तीच हवा गार करून फिरवतो, हे पहिलं डोक्यात घ्या. दुसरं, तुमच्या बाथरूमच्या खिडक्या आणि एक्झॉस्ट कुठे उघडतात? नाशकातल्या जुन्या लॉजमध्ये सगळ्या मजल्यांची बाथरूमं एकाच डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीत, उघडतात. 101 चा पंखा चालू आणि 201 चा बंद असला तर खालची हवा वरच्या बाथरूममध्ये शिरू शकते. त्यात भर म्हणजे नहाणी ट्रॅप, बाथरूमच्या जाळीखालचा पाणी साचून राहणारा वाक. खोली महिनाभर रिकामी असली की ट्रॅपमधलं पाणी वाळतं आणि ड्रेनेजची हवा सरळ वर येते, वास येतो ना तोच प्रकार. 2003 ला सार्सच्या वेळी हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स सोसायटीत 300 च्या वर लोकांना लागण झाली तेव्हा तपासात हे वाळलेले ट्रॅप आणि बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे हेच पुढे आलं. म्हणून रोज प्रत्येक बाथरूममध्ये, रिकाम्या खोलीतसुद्धा, ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं, याला पैसे लागत नाहीत.

तपासायचं कसं तर उदबत्ती. खोलीचं दार बंद करा, बाथरूमचा एक्झॉस्ट लावा आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून दाराच्या खालच्या फटीपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला जातोय तर चांगलं, बाहेर ढकलला जातोय तर ती खोली क्वारंटाइनला देऊ नका. हीच टेस्ट खिडकी उघडी ठेवून परत करा, पश्चिमेकडच्या खोल्यांत वारा भरला की धूर उलटा फिरलेला दिसेल. कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना खिडकी किंवा जाळी काढता आली तर बाकी कशापेक्षा जास्त फायदा त्याचाच.

गंगापूररोडकर
माहिती चांगली आहे पण सीमा बंद करण्याबद्दल सगळे इतक्या सहज बोलतायत ते मला खटकतं. एप्रिल 2021 च्या शेवटी आपल्याकडे बेड नाहीत, ऑक्सिजन नाही, 21 एप्रिलला आपल्या झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन गळतीने माणसं गेली, आणि आठवड्याभरात ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमानं थांबवली. मे महिन्यात तर त्यांचाच नागरिक भारतातून परत गेला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 66,600 ऑस्ट्रेलियन डॉलर दंड असा नियम काढला. 15 मे ला उठवला, पण सुमारे 9,000 माणसं इथे अडकून पडली होती. माझ्या ओळखीतला एक मुलगा इथे वडिलांना बघायला आलेला, तिकडे बायको आणि तान्हं बाळ. न्यूझीलंडने परत येणाऱ्यांना लागणाऱ्या क्वारंटाइन हॉटेलच्या खोल्यांसाठी लॉटरी लावली, तिथल्या हायकोर्टाने 2022 ला सांगितलं की त्या पद्धतीने नागरिकांच्या घरी परतायच्या हक्कावर गदा आली. साथ अडवा, पण आपल्या माणसाला दारात उभं करून ठेवू नका.

यारा_ते_गोदा
भाऊ, शंभर टक्के मान्य. पण ती बंदी का आली बघा, कारण हॉटेलं गळत होती आणि भारतातून येणाऱ्यांत पॉझिटिव्ह वाढले की गळती वाढणार ही भीती होती. जागा नीट असती तर दार लावायची वेळ कमी आली असती. डार्विनजवळ हॉवर्ड स्प्रिंग्ज म्हणून कामगारांसाठी बांधलेली जुनी वसाहत होती, बैठ्या सुट्या केबिन, प्रत्येकीला व्हरांडा, मोकळी हवा, कॉरिडॉरच नाही. बंदी उठल्यावर भारतातून नेलेली पहिली माणसं तिथेच ठेवली. शहरातल्या हॉटेलांमधून जशी साथ बाहेर पडत राहिली तशी तिथून पडली नाही. सगळं माहीत असून मेलबर्नने तसं केंद्र बांधून उघडेपर्यंत 2022 उजाडलं. आपल्याकडे त्र्यंबक रस्त्याला, इगतपुरीकडे सुट्या कॉटेजवाली किती रिसॉर्ट आहेत! यादी करायची तर आधी त्यांची करा.

स्टाफनर्स_सिडको
मी 2020-21 दोन्ही लाटांत ड्युटी केलीय. बाहेरच्या जागा कशाला, घरीच राहा असं म्हणणारेही असतात, त्यांना सांगते, मार्च 2020 ला डाव्या हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का मारून लोक घरी पाठवले, पण सिडकोतल्या दोन खोल्यांत सहा माणसं असतील तर ती माणसं वेगळं राहणार कुठे? तेव्हा बाहेरची जागा लागतेच आणि लॉजवाल्या दादांनी विचारलं हे फार बरं केलं.

माझं म्हणणं तुमच्या पोरांबद्दल आहे. खोलीबाहेर स्टूल ठेवा, डबा स्टुलावर ठेवून पोराने जिन्यापर्यंत जायचं आणि मग आतल्याला फोन करायचा, मास्क लावून दार उघडा म्हणून. समोरासमोरची दारं एका वेळी उघडायची नाहीत, मजल्यावर जेवणाची वेळ पुढेमागे करायची. कॉरिडॉरमध्ये असताना एन 95 काढायचा नाही, आणि बाहेर कोणी दिसत नसलं तरी नाही, हे दहा वेळा सांगावं लागतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त लागण झाली ती जेवायच्या खोलीत, सगळे मास्क काढून एकत्र डबे उघडायचे, दार लावून. तुमच्या पोरांना गच्चीवर जेवायला बसवा. आणि पगार. खोकला आला म्हणून घरी बसला तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे मिळतील हे प्रशासनाकडून आधी लेखी घ्या, तसंच त्या काळात पोरगा दुसरीकडे काम करणार नाही आणि त्याची टेस्ट रोज होईल हेही. मेलबर्नने डिसेंबर 2020 मध्ये हॉटेल क्वारंटाइन परत सुरू केलं तेव्हा रोज टेस्ट आणि एकच नोकरी हे नियम केलेच ना, मग आपण पहिल्या दिवसापासून का करू नये?

द्वारका_लॉजवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दुसऱ्या मजल्यावर उदबत्ती लावून बघितली. डक्टकडच्या चार खोल्यांत धूर आत जातो, रस्त्याकडच्या खिडक्या उघडल्या की दोन खोल्यांत बाहेर येतो. 204 चा ट्रॅप पूर्ण कोरडा निघाला. धूर बाहेर येणाऱ्या त्या दोन खोल्या यादीत द्यायच्या नाहीत असं वडिलांशी बोलून ठरवलं. पगाराचं लेखी घ्यायचं तेही नक्की. एक राहिलं, चादरी टॉवेलचं काय? आमचा धोबी बाहेरचा आहे, भद्रकालीत राहतो, त्याच्या घरात म्हातारी आई आहे.

सातपूर_एचव्हीएसी
कपड्यांतून धोका हवेच्या मानाने फार कमी. चादरी आतल्या माणसालाच पिशवीत भरून तोंड बांधायला सांगा, झटकू नका म्हणावं. खोली सोडल्यावर खिडकी आणि एक्झॉस्ट चालू ठेवून दार बंद ठेवा, काही तास तरी कोणी आत जायचं नाही, मग पिशवी उचलायची. धोब्याला वर चढू देऊ नका, पिशव्या खाली अंगणात ठेवा आणि त्याच्यासाठी पण एन 95 चं पाकीट काढून ठेवा. डक्टच्या वर गच्चीत एकच मोठा एक्झॉस्ट बसवता येतो का ते मी येऊन बघतो, रविवारी चालेल का?