मदत हवी आहे: लीझ माइटनर यांच्यावरील व्याख्यानात अणुविखंडनाचा भाग कसा सांगावा?

आबोली
नमस्कार. अणूचे केंद्रक दुभंगते, म्हणजेच अणुविखंडन होते, हे उलगडणाऱ्या पदार्थवैज्ञानिक लीझ माइटनर यांच्यावर शनिवारी बोलायचे आहे आणि मी १९३८ च्या नाताळापाशी अडले आहे. व्हिएन्नातील बालपण, बर्लिनमधील तीस वर्षे, नाझी राजवटीमुळे तेथून पलायन, एवढे लिहून झाले. परंतु बर्फात फिरताना त्यांनी जो हिशेब केला तो सांगू लागले की माझ्याच वाक्यांचा धागा सुटतो. दोनशेचा आकडा कुठून आला हे गणिताशिवाय सांगण्याची एखादी रीत कृपया लवकर सुचवावी.

मांडवीकाठ
दोनशे कशाचे? श्रोते कोण, वेळ किती, चित्रे दाखवण्याची सोय आहे का? यातले काहीच ठाऊक नसताना कोणी काय सुचवावे?

निवृत्त मास्तर
आबोलीताई, मी आयुष्यभर विज्ञान शिकवले आणि माझे मत असे की सार्वजनिक व्याख्यानात आकडेमोड मुळीच करू नये. बाईंचे आयुष्यच पुरेसे बोलके आहे. १९०७ मध्ये त्या बर्लिनला गेल्या तेव्हा रसायनशास्त्र संस्थेत स्त्रियांना प्रवेश नव्हता, म्हणून तळघरातल्या जुन्या सुतारखोलीत त्यांनी रसायनशास्त्रज्ञ ऑटो हान यांच्याबरोबर काम सुरू केले. वरच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती आणि पहिली काही वर्षे पगारही नव्हता. १९३८ च्या जुलैत, एकोणसाठाव्या वर्षी, दोन लहान बॅगा आणि दहा मार्क घेऊन त्यांनी रेल्वेने हॉलंडची सरहद्द ओलांडली. पहारेकऱ्याला द्यावी लागलीच तर असावी म्हणून हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी त्यांच्या हाती दिली होती. एवढे सांगितले तरी सभागृह स्तब्ध होईल.

आबोली
मास्तर, अंगठीचा प्रसंग मी सांगणारच आहे. पण गेल्या वर्षी एका शाळेत मी नेमके असेच व्याख्यान दिले आणि शेवटी नववीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, “बाई, पण त्यांनी शोधले काय?” मला धड उत्तर देता आले नाही. ती खाली बसली तेव्हाचा तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. ज्या स्त्रीने साठ वर्षे पदार्थविज्ञानाचा ध्यास घेतला, तिच्या व्याख्यानातून पदार्थविज्ञानच गाळणे मला आता अन्यायाचे वाटते.

मांडवीकाठ यांनी विचारलेली माहिती आधीच द्यायला हवी होती. डिचोली तालुक्यातील एका गावचे वाचनालय आहे. आठवी ते दहावीच्या मुली आणि स्वयंसहाय्य गटातील महिला असतील. वेळ चाळीस मिनिटे. या पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून प्रोजेक्टर नको. दोनशे म्हणजे दोनशे दशलक्ष, अर्थात वीस कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट; एक केंद्रक दुभंगताना सुटणारी ऊर्जा. इलेक्ट्रॉन व्होल्ट हे अणूंची ऊर्जा मोजण्याचे अगदी लहान माप.

चिरेबंदी
गोव्यातल्या मुलींना परदेशातले उदाहरण कशाला? होमी भाभांवर बोला. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. त्याच संस्थेत दामोदर कोसंबी होते, जे आपल्या कोसबेन गावचे. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा भारताला हितकर आहे असे ते मांडत असत. शिवाय माइटनर या अणुबॉम्बच्या जननी; त्यांचा गौरव कशासाठी?

अणुरेणू
चिरेबंदी, कोसंबी थोरच, परंतु ते गणिती होते आणि प्रश्न त्यांच्याविषयी नाही. “बॉम्बच्या जननी” हे मात्र खोडून काढलेच पाहिजे. बॉम्ब बनवण्याच्या प्रकल्पात येण्याचे निमंत्रण माइटनर यांनी स्पष्टपणे नाकारले होते. इंग्लंडमधील त्यांच्या समाधीवर, माणुसकी कधीही न हरवलेली पदार्थवैज्ञानिक, अशा अर्थाचे शब्द त्यांचे भाचे ऑटो फ्रिश यांनी कोरून घेतले.

आबोलीताई, आता तुमचा प्रश्न. पावसाळा आहे, म्हणजे परसात अळू असेलच. पानावर चमचाभर पाणी घाला आणि पान दोन्ही हातांनी हलकेच डोलवा. थेंब लांबतो, मधोमध बारीक होतो आणि त्याचे दोन थेंब होतात. अणुकेंद्रक अशा थेंबासारखे असते हे तेव्हाच्या वैज्ञानिकांना ठाऊक होते, पण तो थेंब दुभंगेल असे जवळजवळ कोणाच्याच मनात आले नव्हते. हान आणि त्यांचे सहकारी श्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉन, म्हणजे विद्युतभार नसलेले कण, सोडल्यावर बेरियम हे युरेनियमहून पुष्कळ हलके मूलद्रव्य सापडले, आणि हे कसे शक्य आहे असे हान यांनी पत्राने माइटनर यांनाच विचारले. स्वीडनमधील कुंगएल्व्ह गावी फ्रिशबरोबर फिरताना, एका ओंडक्यावर बसून त्यांनी कागदाच्या कपट्यांवर हिशेब मांडला. युरेनियमच्या केंद्रकात धन विद्युतभाराचे ९२ कण, म्हणजे प्रोटॉन, असतात आणि ते परस्परांना इतके दूर लोटतात की थेंबाला बांधून ठेवणारा ताण जवळजवळ संपलेला असतो. मग एका न्यूट्रॉनचा धक्काही पुरतो. मुलींना फळ्यावर दोन्ही तुकड्यांतल्या प्रोटॉनची एवढीच बेरीज करू द्या: बेरियम ५६, क्रिप्टॉन ३६, मिळून ९२.

वीस कोटींचा आकडा त्यांना दोन वेगळ्या वाटांनी मिळाला. दुभंगलेले तुकडे एकमेकांना किती जोराने लोटतील याचा हिशेब केला तेव्हा तेवढी ऊर्जा आली. नंतर तुकड्यांचे एकत्र वजन मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या सुमारे एकपंचमांशाने कमी भरते हे माइटनर यांनी काढले, आणि आइनस्टाइन यांच्या सूत्राने त्या हरवलेल्या वस्तुमानाची ऊर्जा केली तर तीही तेवढीच. चुलीतल्या कोळशाच्या एका अणूमागे सुमारे चार इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात. येथे त्याच्या पाच कोटी पट. गटातल्या महिलांना चूल सांगा, त्यांना ते लगेच पटेल.

निवृत्त मास्तर
अळूचे पान मला आवडले, हे मान्य करतो. मात्र १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या हान यांना मिळाले, हे ठासून सांगावे. माइटनर यांची शिफारस चाळीसहून अधिक वेळा झाली आणि तरीही पारितोषिक मिळाले नाही.

अणुरेणू
सांगावे, पण हान यांना खलनायक करू नये. बेरियमची रासायनिक ओळख पटवणे हे अत्यंत नाजूक काम होते आणि ते त्यांनी व श्ट्रासमान यांनीच केले. निर्वासित ज्यू स्त्रीचे नाव शोधनिबंधावर घालणे त्या जर्मनीत शक्य नव्हते, हेही खरे. दुःख याचे की युद्ध संपल्यावरही हान यांनी तिच्या वाट्याविषयी पुरेसे मोकळेपणाने सांगितले नाही. श्ट्रासमान यांनाही त्या पारितोषिकात वाटा मिळाला नाही. अमेरिकेचा १९६६ चा फेर्मी पुरस्कार मात्र तिघांना मिळून दिला गेला.

रानवाट
ज्या मुलींना अणुवैज्ञानिक व्हायचे आहे त्यांनी बारावीला गणित सोडू नये. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून चालू आहे. पदवीनंतर तेथे निवड होऊ शकते.

मांडवीकाठ
हे कोणी विचारलेले नाही. तरी व्याख्यानानंतर एखादी मुलगी नक्की विचारील, म्हणून लक्षात असू द्यावे. ताई, विखंडनासाठीचा ‘फिशन’ हा इंग्रजी शब्द जीवशास्त्रातून आला, तेही सांगा. पेशी दुभंगण्याला काय म्हणतात हे फ्रिश यांनी एका जीवशास्त्रज्ञाला विचारले होते. पेशीविभाजन दहावीच्या मुलींना परिचयाचे असते.

आबोली
अणुरेणू, मास्तर, सर्वांचे मनापासून आभार. आता संध्याकाळी मागील दारी पान काढून करून पाहिले. पहिल्या दोन वेळा थेंब घरंगळून खाली गेला. तिसऱ्या वेळी पान किंचित वळवून धरले तेव्हा तो लांबला, मधली कमर दोऱ्याएवढी झाली आणि क्षणात दोन्ही बाजूंना दोन गोळे पळाले. माझी सासू शेजारी नारळ सोलत होती, ती म्हणाली, पुन्हा कर. शनिवारी सकाळीच दहा-बारा पाने काढून ओल्या फडक्यात गुंडाळून नेते, म्हणजे प्रत्येक बाकावर एक देता येईल. तळघरातील सुतारखोली आणि अंगठी आधी सांगते, मग पाने वाटते, आणि नोबेलचा विषय त्यानंतरच काढते.