घड्याळाला रिमोटचा सेल चालेल का?

पंचवटीकर: आईचं भिंतीवरचं घड्याळ पहाटे साडेचारला बंद पडलं. घरात फक्त रिमोटचे बारीक सेल. दोन्हींवर दीड व्होल्टच लिहिलंय. चॉकलेटची चांदी कोंबून बसवू का?

सातपूरवाला: चालेल. बारीक म्हणजे ट्रिपल ए, 44.5 मिमी, पेन्सिल सेल डबल ए, 50.5. फट सहा मिमीचीच. पण जीव लहान, निम्म्याच्या आसपास टिकेल. चांदी एकाच टोकाला हं, दोन्हीकडे टेकली तर शॉर्ट.

गोदाकाठ: अहो, मेनरोडवरून साधा झिंक-कार्बन आणा, घड्याळाला पुरतो! मी अल्कलाइन टाकून विसरलो. स्प्रिंगवर पांढरी पूड. व्हिनेगरच्या बोळ्याने पुसली, तरी पत्रा गेलाच.

पंचवटीकर: चांदीवर चालू झालं. आई म्हणते, पाच मिनिटं पुढे ठेव.