परदेशात धंद्यासाठी गेलात आणि बँक खातं उघडलंत? सोलापूरकरांनी आपापला अनुभव लिहावा

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच गोष्ट विचारली, "अण्णा, दुबईत खातं उघडायचंय, काय काय लागतं?" तिघेही टॉवेलवाले, तिघेही व्हिजिट व्हिसावर जाणारे. फोनवर प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा इथं मांडतो. तुम्हीही मांडा. आपला माल जगभर जातो, पण ही माहिती ज्याच्या त्याच्या फाइलीत पडून राहते, याचं मला वाईट वाटतं.

आधी माझं सांगतो. 2023 मध्ये हॉटेलांच्या टॉवेलांच्या ऑर्डरीसाठी दुबईला गेलो होतो. तिकडं छोटं गोडाऊन घ्यायचं डोक्यात होतं, म्हणून देरा भागातल्या एका शाखेत शिरलो. पहिला प्रश्न, एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथल्या रहिवाशाचं ओळखपत्र, आहे का? नाही म्हटल्यावर तिथल्या मुलीनं अनिवासी बचत खात्याची यादी दिली. पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का, घरच्या बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, त्याच बँकेचं पत्र, पत्त्याचा पुरावा, उत्पन्न कशाचं त्याचे कागद. मी खुशीत स्टेटमेंट काढून दिलं. तिनं खालची ओळ वाचली, "संगणकावर तयार केलेले, सहीची गरज नाही", आणि कागद परत सरकवला. प्रत्येक पानावर शिक्का आणि सही पाहिजे. लाईट बिल दिलं, तर ते मराठीत. परत आलो.

खरा वेळ गेला तो सोलापुरात. इथल्या शाखेत "अनिवासी खात्यासाठी पत्र पाहिजे" म्हटलं की समोरचा एनआरई-एनआरओचा, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या इथल्या खात्यांचा, फॉर्म काढायचा. चार चकरा झाल्या. शेवटी मॅनेजरांना शांतपणे बसून समजावलं की मी राहणार सोलापुरातच आहे, अनिवासी मी तिकडच्या बँकेच्या दृष्टीनं आहे. तेव्हा कुठं पत्र मिळालं. दुसऱ्या फेरीत अर्ज दिल्यावर अकराव्या दिवशी खातं झालं. पण मिळालं फक्त डेबिट कार्ड, चेकबुक नाही. दुबईत गोडाऊनचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकनं देतात. म्हणजे ज्या कामासाठी खातं काढलं ते काम त्यातून झालंच नाही. खातं कशासाठी पाहिजे हे आधी कागदावर लिहून घ्या, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

आता तुमचं लिहा. छोटं असलं तरी चालेल. नावाऐवजी वर आपला धंदा आणि भाग टाका.

टेरी टॉवेल, अक्कलकोट रोड एमआयडीसी

अण्णा, माझा अनुभव फ्रँकफर्टचा. हाइमटेक्स्टिल हे कापडाचं प्रदर्शन भरतं जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत. त्या वर्षी इकडं नंदीध्वज निघाले होते, अक्षता सोहळा चालू होता, आणि मी तिकडं थंडीत स्टॉल लावून उभा. घरच्यांनी व्हिडिओ कॉलवर अक्षता सोहळ्याचा संमती कट्टा दाखवला तेव्हा गळा दाटून आला होता.

तिथं एका जर्मन पार्टीनं सॅम्पलचे पैसे द्यायची तयारी दाखवली, पण त्यांचा हिशेबनीस म्हणाला, आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, द्या. जर्मनीचा आयबॅन 22 अक्षरांचा, तेवढे रकाने भरल्याशिवाय त्यांचं सॉफ्टवेअर पुढं जाईना. आपल्याकडं आयबॅन पद्धतच नाही. मला वाटलं, इथंच खातं काढून टाकू. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत गेलो तर त्यांनी आनमेल्डुंग मागितलं, म्हणजे नगरपालिकेत पत्ता नोंदवल्याचा कागद. माझा पत्ता हॉटेलचा, चार रात्रींचा. विषय तिथंच संपला.

शेवटी त्या हिशेबनिसाशेजारी बसून परदेशी पेमेंटचा वेगळा पर्याय शोधला. त्यात आपला खाते नंबर आणि शाखेचा स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारासाठी बँकेची ओळख) भरला, आणि युरो थेट सोलापूरच्या ईईएफसी खात्यात आले. निर्यातदाराला या खात्यात परकी चलन तसंच ठेवता येतं. व्याज मिळत नाही, आणि महिनाभरात जमा झालेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरली नाही तर रुपयांत बदलावी लागते. पण माझं काम त्यातच भागलं.

नंतर कळलं की प्रदर्शनात विकलेल्या मालाचे पैसे जमा करायला परदेशात खातं उघडायची मुभा फेमाच्या, म्हणजे परकी चलनाच्या कायद्याच्या, नियमांत आहे. प्रदर्शन संपल्यापासून एका महिन्यात शिल्लक भारतात आणायची, एवढीच अट. पण नियमानं परवानगी दिली म्हणून तिकडची बँक चार दिवसांत खातं देत नाही. प्रदर्शनाच्या भरवशावर कुणी राहू नका.

शालेय गणवेश, साखर पेठ

मी आणि सासरे बरोबर गेलो होतो, आखातातच. माझे कागद लगेच झाले, सासऱ्यांचे अडले. पासपोर्टवर त्यांची सही तेलुगूत, आणि इथल्या बँकेत गेली वीस वर्षं इंग्रजीत. तिथल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मान हलवली. सासरे चारदा सही करून दाखवत होते, हात थरथरत होता. मला ते बघवलं नाही. इकडं येऊन आम्ही बँकेतली सही पासपोर्टसारखी करून घेतली, मगच पुढं झालं. नाव आणि आडनावही पासपोर्ट, पॅन आणि बँक, तिन्हीकडं एकसारखं आहे का ते निघायच्या आधी बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर नक्कीच.

डाळिंब, सांगोला

मी खातं काढलंच नाही. फॉरेक्स कार्डावर, म्हणजे इथूनच परकी चलन भरून नेतात त्या कार्डावर, दहा दिवस निभावले. ज्यांची वर्षातून एकच फेरी असते त्यांनी यात पडू नये असं माझं मत.

लूमचे सुटे भाग, होटगी रोड

माझं अमेरिकेचं. न्यू जर्सीत बहीण राहते, तिच्याकडं उतरलो होतो. पहिल्या शाखेत सोशल सिक्युरिटी नंबर (तिथल्या रहिवाशांचा सरकारी नंबर) नाही म्हणून नाही म्हणाले. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत पासपोर्ट, व्हिसा, बहिणीचा पत्ता आणि आपला सोलापूरचा कायमचा पत्ता घेतला, डब्ल्यू-8बेन फॉर्म भरून घेतला, आणि पाऊण तासात खातं हातात. हा फॉर्म म्हणजे मी अमेरिकेचा नागरिक किंवा करासाठी तिथला रहिवासी नाही असं लिहून देणं. एका शाखेनं नाही म्हटलं तर निराश होऊ नका, दुसरीत विचारा.

घोळ पुढं झाला. मोबाईल नंबर तिथल्या प्रीपेड सिमचा दिला होता. सोलापुरात आल्यावर ते सिम बंद पडलं आणि ओटीपी येईना. स्वतःचे पैसे समोर स्क्रीनवर दिसतात पण हात लावता येत नाही, असे पाच महिने काढले. पुढच्या फेरीत शाखेत जाऊन बहिणीचा नंबर लावला. भारताचा नंबर चालतो का, हे खातं उघडतानाच विचारा.

सीए, नवी पेठ

वरचं सगळं वाचलं. माझ्याकडं येणाऱ्यांत दोन चुका सारख्या दिसतात, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली चूक, वैयक्तिक खात्यात फर्मचे पैसे. निवासी व्यक्तीला एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर बाहेर पाठवता येतात आणि त्यासाठी परदेशात खातंही ठेवता येतं. ही सवलत व्यक्तीला आहे. कंपनीला, भागीदारी फर्मला, एचयूएफला (हिंदू एकत्र कुटुंबाला) नाही. निर्यातीचे पैसे तिकडच्या बचत खात्यात घेतले तर इकडं शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद) उघडं राहतं, म्हणजे त्याचे पैसे आल्याची नोंद होत नाही, आणि तुमची बँक विचारत राहते. तिकडची बँकही बचत खात्यात व्यापारी उलाढाल दिसली की खातं बंद करू शकते. एलआरएसनं पाठवलेले पैसे नुसते पडून राहू द्यायचेही नसतात. 180 दिवसांत वापरा, गुंतवा, नाहीतर परत आणा. वर्षात 10 लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, कापला जातो, ही मर्यादा 1 एप्रिल 2025 पासूनची. तो आयकर विवरणपत्रात वजा मिळतो, पण तोवर भांडवल अडकतं.

दुसरी चूक विवरणपत्रातली. खात्यात शंभर दिरहॅम असले तरी शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे विवरणपत्रातल्या परकी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावं लागतं, आणि तेही कॅलेंडर वर्षाप्रमाणं, जानेवारी ते डिसेंबर. न दाखवल्यास 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्यात 10 लाखांचा दंड आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून इतर परकी मालमत्ता मिळून 20 लाखांपर्यंत असेल तर या दंडातून सूट आहे, पण दाखवायची जबाबदारी सुटलेली नाही. तिकडच्या बँका खात्यांची माहिती भारताला आपोआप कळवतात. माझ्याकडं एक गृहस्थ आले होते, त्यांना वाटलं शून्य शिल्लक म्हणजे खातं नाहीच. नोटीस हातात घेऊन समोर बसले होते, रात्रभर झोप नव्हती. अशी वेळ कुणावर येऊ नये, म्हणून लिहिलं.

अण्णा (धागा सुरू करणारा)

सीएसाहेब, मनापासून आभार. तुमचं वाचून मीही माझं मागच्या वर्षीचं विवरणपत्र काढून तपासलं, दाखवलेलं आहे.

माझं ते खातं या उन्हाळ्यात बंद केलं. किमान शिल्लक नव्हती म्हणून दर महिन्याला पैसे कापले जात होते. फोनवरून बंद होईना, स्वतः जावं लागलं. उरलेले दिरहॅम इथल्या खात्यात मागवले आणि खातं बंद केल्याचं पत्र घेतलं, ते विवरणपत्रासाठी लागेल.

इथल्या बँकेच्या पत्रात काय पाहिजे असं दोघांनी विचारलंय. लेटरहेडवर, इंग्रजीत, त्या परदेशी बँकेच्या नावानं लिहून घ्या. पासपोर्टप्रमाणं नाव, पासपोर्ट नंबर, घरचा पूर्ण पत्ता, खाते नंबर, खातं कोणत्या साली उघडलं, व्यवहार समाधानकारक आहेत हे वाक्य. खाली अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा आणि गोल शिक्का. तारीख निघायच्या आठवड्यातली घ्या, माझं पहिलं पत्र तीन महिन्यांचं जुनं म्हणून परत आलं होतं.