प्रतिसाद: पिकअपच्या दाराला परत गंज
पुट्टी भरून रंग मारला तरी एका पावसाळ्यात खालच्या कडेला परत फुगा आला म्हणताय, येणारच ओ, गंज आतून खातोय. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतंच, ते बाहेर जायला खाली बारकी भोकं असतात आणि आमच्या खानापूरकडची लाल माती त्यात बसली की पाणी आतच मुरतं. माझं डावं दार असंच गेलं, लई वाईट वाटलं.

आधी आतलं पॅनेल काढा, भोकं तारेनं मोकळी करा, दार पूर्ण वाळू द्या. मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, खड्ड्यातल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज मारणारं औषध) लावा, ते वाळलं की इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला ओल लागू न देणारा पहिला हात) आणि पुट्टी त्याच्यावरच, उघड्या पत्र्यावर नको, पुट्टी ओल धरते. आरपार भोक असेल तर तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करा, बॅटरीची वायर काढून.

रंग झाल्यावर आतून कॅव्हिटी वॅक्स (दाराच्या पोकळीत फवारायचं मेण) मारा, पाणी जायची भोकं बुजवू नका. काहीजण जळकं इंजिन ऑइल ओततात, त्यानं रबर फुगतं, ते करू नका. आणि चोर्ला घाटातनं चिखल घेऊन आलात की दाराच्या खालची कड पाण्यानं धुवा तेवढी.