दुसरीच्या वर्गात लोणी निघालं, वासरू मात्र कुठेच नाही

ऐरोलीची आई
परवा लेकीच्या दप्तरातून जॅमची जुनी बाटली निघाली, तळाशी लिंबाएवढा लोण्याचा गोळा. दुसरीत 'दूध आणि दुधाचे पदार्थ' चालू आहे. साय घातलेली बाटली हलवायची, हात भरून आले की शेजारणीकडे द्यायची. आधी नुसतं डचमळतं, मग घट्ट होतं, आणि एकदम 'थप्' असा आवाज येतो म्हणे. तो आवाज तिने मला चारदा काढून दाखवला. इथवर शाळेला शंभर गुण.

सोबतच्या कागदावर मात्र 'गाय आपल्याला दूध देते' आणि खाली जोड्या लावा. लेक विचारते, "पण ती का देते?" मी सांगितलं, वासरासाठी. वासरू झालं नाही तर दूधच येत नाही. तिला हे अजिबात माहीत नव्हतं. लोणी काढता येतं आणि एवढं माहीत नाही, हे मला अर्धवट वाटतं. सातव्या वर्षी सांगायला काय हरकत आहे?

घोडबंदरवाला
हरकत आहे. वासरू आलं की पुढचा प्रश्न गोऱ्ह्याचा, म्हणजे नर वासराचा. त्याचं काय होतं, हे कोण सांगणार, तुम्ही की बाई? माझ्या मुलाने कुठलासा व्हिडिओ बघून दोन महिने दुधाला तोंड लावलं नव्हतं. लहान आहेत, लोणी खाऊ द्या.

आम्ही ठाण्यातच वाढलो. सकाळी किटली घेऊन तबेल्यात जायचो. भैया आधी रेडकू सोडायचा, म्हशीने पान्हा सोडला की त्याला ओढून बाजूला बांधायचा आणि धार काढायला बसायचा. कुणी धडा दिला नाही, काही बिघडलंही नाही.

ऐरोलीची आई
दादा, तुम्हाला धडा लागला नाही कारण रेडकू डोळ्यांसमोर होतं. माझ्या लेकीसमोर पिशवी आहे.

मूळचा अकोलेकर, मुक्काम घणसोली
वासरावर भांडताय, पण दूध काढणाऱ्याचं नावही त्या कागदावर नाही. आमच्या घरी पाच गाई. भाऊ पहाटे चारला उठतो, शेण, वैरण, पेंड, धारा, मग कॅन घेऊन डेअरीवर. तिथे मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवतं, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ टक्के भरलं तर ठरलेला भाव, कमी भरलं की कपात. विण्याआधी दोन महिने गाय आटवावी लागते, तेव्हा दूध नाही पण खाणं चालूच. २०२४ मध्ये भाव इतका पडला होता की सरकारने लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं. 'गाय देते' म्हणे! गाईपाठी माणूस राबतो तेव्हा देते.

२६ नोव्हेंबरला 'अमूल'वाल्या वर्गीस कुरियन यांच्या जयंतीला दूध दिन करतात, पोरांना पांढरे कपडे घालायला लावतात. आणंदच्या शेतकऱ्यांनी स्वतःची डेअरी का काढली, हे एका वाक्यात सांगितलं तरी चाललं असतं.

बाई स्वतः, कोपरखैरणे
मी हेच शिकवते, म्हणून लिहिते. तास ३५ मिनिटांचा, मुलं ४८. फॅट-एसएनएफ दुसरीला? पनीर करायचं तर उकळतं दूध, म्हणून ते मी टेबलावर एकटीच करते. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तेव्हा वर्ग चिडीचूप होतो, वर्षातून तेवढाच एकदा. लोण्यालाही साय घरून आणावी लागते. पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' असेल तर साय धरतच नाही, त्यातली स्निग्धता आधीच बारीक फोडलेली असते. वर उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घातलं नाही तर गोळा जमत नाही, नुसता चिकट लगदा.

वासराबद्दल तोंडी सांगते. कागदावर घातलं की पालक शाळेत येतात. घोडबंदरवाल्यांसारखे.

घोडबंदरवाला
आलो असतो, खोटं कशाला बोलू. पण बाई, तोंडी सांगता ते काय सांगता?

बाई स्वतः, कोपरखैरणे
की वासराला आधी पाजतात, उरलेलं आपल्याला.

मूळचा अकोलेकर, मुक्काम घणसोली
सगळीकडे तसं नसतं बाई. बऱ्याच गोठ्यांत वासराला बाटलीनेच पाजतात, मोजून.

एक सुचवतो. आमची एक गाय महिन्याभरात व्यायची आहे. चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, आणून देतो, वर्गात खरवस करा. असं दूध पिशवीत का मिळत नाही, हे पोरं आपणच विचारतील.

घोडबंदरवाला
म्हणजे वासराच्या तोंडचा चीक काढून वासराचा धडा! ऐरोलीच्या ताई, बोला आता.

ऐरोलीची आई
पहिल्या दिवसाचा वासरालाच. दुसऱ्या दिवसाचा उरला तर आणा. आणि हेही मुलांना सांगूनच.

बाई स्वतः, कोपरखैरणे
बाहेरचा पदार्थ वर्गात आणायला लेखी परवानगी लागते. अर्जात 'चीक' लिहिलं तर मुख्याध्यापकांना काय वाटेल, त्याचा विचार करतेय.