अनुभव धागा: विद्यापीठातला संप नेमका कुठे लागू पडतो?

कर्मचाऱ्यांच्या संपातून पदरात काही पडतं का? ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ असो वा फोंडा-म्हापशाच्या कॉलेजात, ज्यांनी संघटनेचं काम जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. तारखा, कागद, पगारकपात, वाटाघाटी यांवर नेमकं लिहा.

परीक्षा_विभाग:
नुसते तास बंद ठेवून सरकार हलत नाही. बुडालेले तास शनिवारी भरून काढता येतात. निकाल अडला की मात्र पुढचे प्रवेश अडतात, आणि मग पालकांचे फोन थेट आमदाराकडे जातात. उत्तरपत्रिका आल्यावर आसनक्रमांक झाकून सांकेतिक क्रमांक घालायचा, गठ्ठे बांधायचे, तपासून आलेले गुण संगणकात भरायचे, ताळा घ्यायचा. यातलं बरंचसं काम शिक्षकेतरांच्या हातात असतं. महाराष्ट्रात फेब्रुवारी 2023 मध्ये शिक्षकेतरांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा मुंबई-पुण्याच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. शिक्षक संघटनांनी शिक्षकेतरांना आधी सोबत घ्यावं, हे मी कळकळीने सांगतोय.

श्रमकायदा:
शिक्षकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात शिक्षक 'कामगार' ठरत नव्हते, हा सर्वोच्च न्यायालयाचा 1988 चा निकाल गोव्यातल्याच शिक्षिकेच्या खटल्यातला आहे: सुंदरांबाळ विरुद्ध गोवा, दमण आणि दीव सरकार. कारकून, प्रयोगशाळा सहाय्यक यांची बाजू त्यामानाने भक्कम. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्याप्रमाणे संपाआधी 14 दिवसांची नोटीस हवी आणि नोटीस दिल्यापासून 60 दिवसांत संप झाला पाहिजे. निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच. लोक फसतात ते इथे: समेट अधिकाऱ्यासमोर तडजोडीची पहिली बैठक झाली की समेट चालू असेपर्यंत आणि संपल्यावर 7 दिवस संप करता येत नाही. म्हणून नोटिशीची तारीख परीक्षेच्या वेळापत्रकावरून उलटी मोजत या.

पर्वरी_फेऱ्या:
कुलगुरूंच्या दालनाबाहेर घोषणा देऊन वेतनश्रेणी बदलत नाही. पैसा पर्वरीला, सचिवालयातल्या वित्त खात्यात अडतो. तेव्हा मागण्यांचे दोन कागद करा: पदोन्नती, रिक्त पदं, कामाचे तास विद्यापीठाकडे; थकबाकी आणि श्रेणी सरकारकडे. थकबाकीच्या मागणीला वर्षाचा एकूण आकडा जोडाच. आकडा नसला की फाइल 'माहिती मागवली आहे' असा शेरा घेऊन परत येते. पणजीच्या आझाद मैदानावरचं धरणं विधानसभेचं अधिवेशन चालू असताना ठेवा, म्हणजे एखादा आमदार प्रश्न तरी लावून धरतो.

हिशेबनीस:
'काम नाही, दाम नाही' हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली बँक ऑफ इंडियाच्या खटल्यात मान्य केलंय. 30 दिवसांच्या महिन्यात दर दिवसाला पगाराचा तिसावा भाग गेला असं धरूनच चाला. गृहकर्जाचा हप्ता काही थांबत नाही. महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांनी 2013 मध्ये फेब्रुवारी ते मे परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, त्यांचा 71 दिवसांचा पगार अडकला आणि तो सोडवायला वर्षानुवर्षं कोर्टात जावं लागलं. ब्रिटनमध्ये 2023 च्या उत्तरपत्रिका तपासणीवरच्या बहिष्कारात अनेक विद्यापीठांनी निम्मा ते पूर्ण पगार कापला. तिथली वेतनाची मागणी रेंगाळली, पण निवृत्तिवेतनाचे कापलेले लाभ एप्रिल 2024 मध्ये परत मिळाले. 2018 पासून एकाच मागणीवर पुन्हा पुन्हा संप झाले होते, त्यांचा त्यात मोठा वाटा आहे. पंधरा मागण्यांची यादी घेऊन बसलेल्याला प्रशासन सोप्यातल्या चार देऊन वाटेला लावतं.

तासिका_तत्त्व:
लेक्चर बेसिसवरच्यांचं कोणी बोललंच नाही. त्यांना तासाप्रमाणे पैसे, त्यामुळे संपाचा पहिला फटका त्यांनाच. त्यांना वर्गात जाऊ द्या. फक्त संपकऱ्यांचे बदली तास त्यांनी घेऊ नयेत. समझोत्यात 'सूडाची कारवाई होणार नाही' एवढं मोघम कलम पुरत नाही. कंत्राटाचं पुढच्या वर्षीचं नूतनीकरण त्यात स्पष्ट लिहून घ्या आणि खाली कुलसचिवांची सही-शिक्का घेतल्याशिवाय मंडप उतरवू नका.